तुला काय येते?



५ सप्टेंबर ही तारीख आपण दोन कारणांनी लक्षात ठेवतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस म्हणून देशभर तो शिक्षकदिन असतो. आणि १९९७ साली त्याच तारखेला कोलकात्यात मदर तेरेसा प्रभूच्या घरी गेल्या, म्हणून ख्रिस्तसभा त्या दिवशी त्यांचा सण पाळते. मदर मुळात शिक्षिका होत्या, हे मात्र आपण विसरतो. कोलकात्याच्या सेंट मेरीज शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले, त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाही झाल्या. १९४८ साली ते सारे सोडून मोतीझीलच्या झोपडपट्टीत गेल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती शाळा सुरू करण्याची. फळा नव्हता, खडू नव्हता, बाके नव्हती. काठीने मातीत अक्षरे काढायची आणि भोवती बसलेल्या मुलांनी ती बघायची. मुले ज्या मातीत खेळत होती त्याच मातीत त्यांची बाराखडी उमटली.

आपल्या धर्मग्रामात शिक्षक पुष्कळ आहेत. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, कोणी आश्रमशाळेत, कोणी इंग्रजी माध्यमात. कोणी घरी शिकवण्या घेते. रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे आमचे तरुण-तरुणी आहेत. आणि आईबाप तर सारेच शिक्षक. या सर्वांच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकू येते : "फादर, मुलांना शिकायची इच्छाच नाही हो. काय करायचे?" आज या तक्रारीवर आपण थोडे बोलू या. पण आधी आमची एक चूक कबूल करतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मुलगा कायम मागच्या बाकावर बसायचा. किनाऱ्यावरच्या गावातला, वडील बोटीवर. प्रार्थना पाठ नाहीत, वही कोरी, डोळे अर्धे मिटलेले. एका रविवारी आम्ही त्याला सर्वांसमोर उभे केले आणि दहा आज्ञा म्हणायला लावल्या. तिसऱ्या आज्ञेवर गाडी अडली. मुले हसली, आम्हीही दोन शब्द सुनावले. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. आईने ओढून आणला तेव्हा वर्गात संत लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय चालू होता. पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर खपतात, जाळ्यात काही येत नाही. सकाळी येशू त्यांना पुन्हा खोल पाण्यात जाळे टाकायला सांगतो. आम्ही सवयीप्रमाणे विचारले, "यातून आपण काय शिकतो?" पहिल्या बाकावरून पाठ केलेले उत्तर आले : आज्ञापालन. तेवढ्यात मागून आवाज आला, "पण फादर, रात्री नाही लागलं तर दिवसा कसं लागेल? दिवसा माशाला जाळं दिसतं ना."

वर्ग गप्प झाला. आम्हीही. इतकी वर्षे हे शुभवर्तमान वाचतो, त्यावर प्रवचने दिली, पण पेत्राला तो हुकूम किती वेडगळ वाटला असेल हे आमच्या ध्यानात आले नव्हते. सुताराचा मुलगा पिढीजात कोळ्याला मासेमारी शिकवतो, आणि तीही भलत्या वेळी! तरीही पेत्र जाळे टाकतो. त्याची श्रद्धा किती मोठी होती हे त्या दिवशी आम्हाला मागच्या बाकाने शिकवले. मग आम्ही त्याला पुढे बोलावले. भांगाची भरती म्हणजे काय, उधाणाची कधी, चंद्र पाहून ती कशी ओळखायची, जाळे कोणत्या माशाला कोणते, हे सारे त्याने दहा मिनिटे सांगितले. डोळे अर्धे मिटलेले का असायचे तेही कळले. शनिवारी रात्री बोट लागली की मासळी उतरवायला तो बंदरावर जात असे.

आम्ही त्याला दर रविवारी विचारत होतो, 'तुला काय येत नाही?' 'तुला काय येते?' हे एकदाही विचारले नव्हते.

हाच प्रश्न तुरीन शहरात १८४१ साली एका तरुण धर्मगुरूने विचारला होता. ८ डिसेंबर, निष्कलंक मातेचा सण. संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये जॉन बॉस्को मिस्साची तयारी करत होते. थंडीतून आत आलेल्या एका पोरसवदा मजुराला मिस्साला सेवा करायला सांगण्यात आले. त्याला ती येत नव्हती, म्हणून चर्चच्या सेवेकऱ्याने त्याला मारून पिटाळले. डॉन बॉस्कोंनी त्या मुलाला परत बोलावून घेतले. नाव विचारले : बार्तोलोमेओ गरेल्ली. आईवडील नाहीत. वाचता येते का? नाही. लिहिता? नाही. गाता? नाही. मग डॉन बॉस्कोंनी विचारले, शीळ घालता येते का? आणि तो मुलगा हसला. सालेशियन संस्थेचे सारे शिक्षणकार्य, जगभरच्या त्यांच्या शाळा, तंत्रशाळा, वसतिगृहे, या सर्वांची सुरुवात डॉन बॉस्को स्वतः त्या सकाळपासून मोजत असत. मुलांवर आपण प्रेम करतो एवढे पुरे नाही, ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. शिळेच्या प्रश्नात ते गरेल्लीला जाणवले.

आणि प्रभू येशू? त्याच्या शिकवण्याची रीत पाहा. शेतकऱ्यांना तो बी पेरणाऱ्याची गोष्ट सांगतो, घरधनिणीला खमिराची आणि हरवलेल्या नाण्याची, मेंढपाळांना मेंढरांची, कोळ्यांना जाळ्याची. अम्माऊसच्या वाटेवर दोन निराश शिष्यांना तो गाठतो तेव्हा त्याला सारे माहीत असते, तरी तो आधी विचारतो की तुमचे कशाविषयी बोलणे चालले आहे. त्यांचे सगळे ऐकून घेतो. मग बोलतो. त्यांची अंतःकरणे पेटली असे संत लूक लिहितो, ती या चालत्या शाळेत. त्याच लूकने येशूचे विद्यार्थिपणही टिपले आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मधोमध बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. त्या गुरुजनांचे आपण कधी कौतुक करत नाही. गावंढ्या गालीलातले एक पोर प्रश्नांवर प्रश्न विचारते आहे आणि कोणीही त्याला 'गप्प बस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस' म्हणत नाही! असे शिक्षक आज किती शाळांत सापडतील?

पण या गोष्टीसाठी तुरीनला किंवा यरुशलेमला जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, कोसबाडची टेकडी आहे. आपल्यातले कितीतरी जण महालक्ष्मीच्या रस्त्याने किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावर सहलीला जातात, पण टेकडीवर काय घडले ते त्यांना ठाऊक नसते.

ताराबाई मोडक यांनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले होते. गिजुभाई आणि ताराबाई दोघांनाही प्रेरणा मिळाली होती इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्याकडून. या माँटेसरीबाई कॅथॉलिक. त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले तेही ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणादिवशी, १९०७ साली, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत. तिथली आईबाप कामावर गेली की मुले दिवसभर जिन्यात आणि गल्लीत उनाडत. (बोईसरच्या चाळींतून फिरताना आम्हाला त्या जिन्यांची आठवण होते.) त्या मुलांना मन लावून काम करण्यासाठी ना छडी लागत होती ना खाऊ. योग्य वस्तू हाती दिली, ती स्वतः हाताळू दिली आणि मोठी माणसे थोडी बाजूला झाली की मुले तासन्‌तास रमत.

ताराबाईंनी हे सारे खेड्यात आणायचे ठरवले. १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्यात त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा. नोकरी करता करता रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालेल्या. शिकण्याची भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कोणाला अंगावर धड कपडा नाही, कोणाला आतापर्यंत शाळेने आत घेतलेच नव्हते. दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. ताराबाईंनी उलट हिशेब मांडला : मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. शिक्षिका वस्तीवर जाऊन अंगणात बसू लागल्या. मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना अशी जन्माला आली. आज तुमच्या आमच्या गल्लीत सरकारी अंगणवाडी असते. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकास योजना सुरू केली आणि हे नाव देशभर पोचले. पण त्याचे मूळ आपल्या या समुद्रकाठी आहे.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडला, वारली पाड्यांच्या मध्ये गेले. तिथे नवीच अडचण. थोडी मोठी मुले सकाळीच गुरे-शेळ्या घेऊन रानात जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, आणि शिक्षक तिथेच. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती, म्हणून चिंचोके, बिया, शंख-शिंपले, खडे, माती, पाने यांतून मोजणी आणि आकार शिकवले गेले. ताराबाई १९७३ साली वारल्या. अनुताईंनी १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत हे काम चालवले.

आम्हाला यातले सर्वांत मोठे काय वाटते? त्या काळी 'आदिवासी पोरांना शिकण्यात रस नाही' हे वाक्य सरसकट बोलले जाई. आजही बोलले जाते, चांगल्या माणसांच्या तोंडून. ताराबाई-अनुताईंनी ते मान्य केले नाही. रस असतोच, तो देवाने दिलेला आहे असे आपण ख्रिस्ती माणसे म्हणू. दोन वर्षांचे मूल दिवसभर 'हे काय, ते काय' विचारून आईला भंडावून सोडते. त्याला कोणी बक्षीस लावलेले नसते. मग तेच मूल पाचवी-सहावीत गेल्यावर मान खाली घालून बसते. मधल्या वर्षांत काय झाले, हे आपण मोठ्यांनी स्वतःला विचारायला हवे.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आपल्याला ठाऊक आहेत. वारली चित्रकलेला जगभर नेणारे, २०११ साली पद्मश्री मिळालेले. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांचे बोलणे बंद झाले. मनातले सांगायचे तर धुळीत चित्र काढून. असे मूल आपल्या वर्गात आले असते तर त्याच्या प्रगतिपुस्तकात आपण काय लिहिले असते?

मुलांच्या मुकेपणाला आणखी एक कारण असते, भाषा. घरी वारली किंवा मांगेली बोलणारे मूल, बिहार-उत्तर प्रदेशातून एमआयडीसीत आलेल्या कामगाराचे मूल, ओडिशाचे मूल, ही सारी एका वर्गात बसतात आणि पुस्तक बोलते चौथीच भाषा. मूल गप्प राहते आणि आपण 'मठ्ठ' असा शिक्का मारतो. प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्री आठवते ना, प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्राला लोकांनी कशावरून ओळखले? त्याच्या गालीली बोलीवरून. म्हणजे ख्रिस्तसभेचा पहिला प्रमुख यरुशलेमकरांच्या कानाला गावंढळच बोलत होता. एखाद्या शिक्षिकेने वारली मुलांकडून दहा शब्द शिकून घेतले, 'याला तुमच्याकडे काय म्हणतात रे?' असे विचारले, तर त्या मुलाला पहिल्यांदा वाटते की आपल्यालाही काही येते.

आता घराकडे वळू. १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, भोवती कारखाने उभे राहिले आणि बोईसर बघता बघता शहर झाले. आपल्यातली बहुतेक कुटुंबे या कारखान्यांवर, पाळ्यांवर जगतात. बाप रात्रपाळी करून येतो, आई सकाळी निघते. थकलेला माणूस मुलाला काय म्हणतो? "नाही शिकलास तर माझ्यासारखा कंपनीत हेल्पर होशील." आम्हाला ठाऊक आहे, यात कळकळ आहे. पण मूल काय ऐकते ते पाहा. बापाचे काम म्हणजे शिक्षा, हे ते ऐकते. ज्या हातांनी आपल्याला भरवले त्या हातांची लाज बाळगायची, हे ते शिकते. नाझरेथच्या घरात संत जोसेफने येशूला 'नीट शिक, नाहीतर सुतार होशील' असे म्हटले असेल असे आम्हाला वाटत नाही. भीतीने मूल परीक्षेपुरते पळते, आणि परीक्षा संपली की वही भंगारात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मुलाचा मानसिक छळ करणे या दोन्हींवर बंदी घातली. घरात मात्र कायदा पोचत नाही. तिथे आपल्या विवेकबुद्धीलाच पोचावे लागते.

भीतीची जुळी बहीण म्हणजे लालूच. "नव्वद टक्के आण, मोबाईल घेऊन देतो." १९७३ साली अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रे काढायला ज्यांना मुळातच आवडत होते अशी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढा, प्रशस्तिपत्रक मिळेल. ते मिळालेही. नंतर मोकळ्या वेळेत पाहिले तर बक्षिसाच्या आशेने चित्र काढलेली मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढत होती. आवडीचे काम मजुरीचे झाले होते. आम्ही बक्षिसांच्या विरोधात नाही. पावसाळी सुट्टीनंतरच्या आमच्या प्रश्नमंजूषेत बक्षिसे असतातच. पण नव्वद टक्क्यांवर मोबाईल मिळणारे मूल इतिहास शिकत नाही, मोबाईल कमावते. त्यापेक्षा रात्रपाळीहून आलेल्या बापाने पाच मिनिटे बसून म्हणावे, "आज शाळेत काय झाले ते मला शिकव, मला येत नाही." मुलाला दुसऱ्याला शिकवण्याइतका आनंद कशातच नसतो. आणि बापाला खरोखरच येत नसेल तर अधिक चांगले.

शाबासकीही जपून द्यावी. 'हुशार आहेस' म्हटले की मूल पुढच्या वेळी अवघड गणिताला हात लावायला घाबरते, न जाणो हुशारी उघडी पडेल. 'तू हे तीनदा खोडून परत केलेस, मी पाहिले' असे म्हटले की ते चौथ्यांदा करते.

शिक्षकांचेही ऐकले पाहिजे. एका वर्गात साठ मुले, त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाईन माहिती भरणे. काहींना वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबावे लागते. शिक्षकाची उमेद मारून मुलाची उमेद जागवता येत नाही. शाळेत आपण फक्त भांडायला जातो. या वर्षी एकदा नुसते आभार मानायला जाऊन पाहा.

शेवटी त्या मुलांविषयी, जी आपल्या हातून सर्वांत सहज निसटतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबे पाऊस संपला, भात झाले की वीटभट्ट्यांवर निघतात. मूल पटावर असते, वर्गात नसते. पावसाळ्याच्या तोंडावर परत येते तेव्हा सारे मागे पडलेले. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मुलाला शिक्षक काय म्हणतात यावर पुष्कळ ठरते. "इतके दिवस कुठे उलथला होतास?" की "आलास! ये, तुझी जागा आहे"? नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाला शोधायला गेलेल्या मेंढपाळाने ते सापडल्यावर जाब विचारल्याचे शुभवर्तमानात नाही. त्याने त्याला खांद्यावर घेतले. भट्टीवर आठ महिने काढलेल्या मुलाला हजारात विटा मोजता येतात, थर लावता येतो, मजुरीचा हिशेब कळतो. गणिताचा तास तिथून सुरू करता येईल.

५ सप्टेंबरनंतरच्या रविवारी मिस्सामध्ये आपल्या सर्व शिक्षकांना आशीर्वाद देण्यात येईल. मिस्सानंतर हॉलमध्ये धर्मशिक्षणाच्या मुलांचा कार्यक्रम आहे. पाठांतर स्पर्धा या वेळी ठेवलेली नाही. प्रत्येक मुलाने आपल्याला जे येते ते घेऊन यायचे आहे : चित्र, गाणे, भाकरी, दुरुस्त केलेली सायकल, काहीही. ज्याला काही येत नाही असे वाटते त्याने तर नक्कीच यायचे आहे. त्याच्याशी बोलून आम्ही शोधून काढू. आईवडिलांनी कामाच्या पाळ्या पाहून जमेल तसे यावे. मागच्या बाकावरचा आमचा मित्र जाळे विणायची सुई आणि दोरा आणणार आहे. तो आम्हाला फाटलेले जाळे शिवायला शिकवणार आहे, आणि आम्ही पहिल्या बाकावर बसणार आहोत.